पाहुण्यांसमोरची डाळ

रुखमाबाईची लेक सत्यशीला चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. कोणत्या रोग्याने काय खावं, हे ती ठरवायची. गावात कुणी विचारलं, की रुखमाबाई सांगायची, "डाक्टर गोली देते. गोली कामी नाई आली, का मंग माही पोरगी येते." दवाखान्यात असं काही नव्हतं, पण रुखमाबाईच्या तोंडावर हात कोण ठेवणार?

त्यात सत्यशीला रजा टाकून नागपूरला एम.एस्सी. करायला गेली. लोकांना आहाराचं शिक्षण कसं द्यावं, हाच तिचा विषय. शेजारच्या गोंड घरातली इतवारी हे ऐकून पोट धरून हसली होती.

"खायाचं शिकवाले कालेज लागते काय वो? खायाले तं माह्या बकरीलेबी येते."

"म्हून तं तुही बकरी एमेस्सी नाई झाली," रुखमाबाई म्हणाली. त्यानंतर इतवारीने तो विषय काढला नाही.

शेवटच्या परीक्षेत एक धडा खऱ्याखुऱ्या गावात, बायांपुढे, बाहेरच्या परीक्षकांच्या देखत द्यायचा होता. सत्यशीलाने पोंभुर्ण्याजवळचं आपलंच गाव निवडलं आणि विषय घेतला लाखोळीचा. उभ्या धानात बी फेकावं आणि विसरून जावं, तरी येणारी ही डाळ. दिवसेंदिवस तीच पोटात गेली तर पाय जातात, म्हणून सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातलेली. पण बंदीने चूल थोडीच विझते? शेतात ती पिकतच होती आणि घराघरात शिजतच होती. रुखमाबाईचा दीर देवाजी एका दुष्काळात नुसत्या लाखोळीवर जगला आणि काठीवर आला. गाव म्हणायचं, पायातून वारं गेलं. सत्यशीला लहानपणी याच काकाच्या खांद्यावर बसून बाजार बघायची. हा विषय तिने पुस्तकातून उचललेला नव्हता.

अडचण एकच होती. हिवाळ्यात ती घरोघर फिरून 'काल काय शिजवलं' असं विचारून गेली, तेव्हा बघावं त्या घरी तूरच. शिकल्यासवरल्या माणसापुढे लाखोळीचं नाव काढायचं म्हणजे आपल्याच घराची अब्रू आपल्या हाताने चव्हाट्यावर मांडायची. ते कोण करेल?

फाल्गुनात परीक्षक आल्या. नागपूरच्या बोधनकर बाई, चष्मा लावणाऱ्या आणि मोजकं बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांचा चहा रुखमाबाईच्याच घरी झाला. घोट घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "काल काय जेवलात, आजी?"

"तुरीचं वरन, भात," रुखमाबाई म्हणाली. मग लेकीची परीक्षा आठवून तिने हात आणखी सैल सोडला, "वरून तूप."

तिच्या पाठीमागे चुलीजवळ कालच्या लाखोळीचा गंज, म्हणजे उभट पातेलं, झाकून ठेवला होता. सत्यशीला दारात उभी होती. तिने गंजाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि रिकाम्या कपबशा उचलल्या.

दुपारी विहारापुढच्या अंगणात बाया जमल्या. रुखमाबाई सगळ्यांच्या पुढे, नवं लुगडं नेसून बसली. सत्यशीलाने लाखोळीवर कढत पाणी ओतलं, परात झाकली आणि बोलायला लागली. डाळ अशी दोन तास भिजू द्यायची, ते पाणी फेकायचं, डाळ धुवायची आणि मग शिजवायची. रोज तीच नको, मधून मधून दुसरी डाळही हवी. तिचा आवाज स्वच्छ होता. आपली पोरगी चारचौघींत अशी उभी राहून बोलते हे बघून रुखमाबाईचा ऊर भरून आला.

"आता सांगा, लाखोळी कोणाकोणाच्या घरी शिजते?" सत्यशीलाने विचारलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. इतवारी पदर सावरत म्हणाली, "आमच्या घरी तं तूर हाये, बाई." मागच्या बायांनी माना डोलावल्या.

बोधनकर बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सत्यशीला, तुम्ही शिकवता चांगलं. पण या बाया लाखोळी खातच नाहीत, तर हे कुणाला शिकवताय? गावाची गरज न बघता विषय घेतला, असं मला लिहावं लागेल. मग हा धडा पास करता येणार नाही."

नापास एवढं रुखमाबाईला बरोबर कळलं. लेकीची रजा संपत आली होती आणि दवाखाना पुन्हा रजा देणार नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. 'बाई, माझ्याच घरचा गंज उघडून बघा,' एवढं एक वाक्य सत्यशीला बोलली असती, तरी पुरे होतं. तिने आईकडे पाहिलं.

"मीच कुठेतरी कमी पडले, बाई," ती म्हणाली.

रुखमाबाईच्या काळजात कळ उठली. पोरीने दोन वर्षांचे कष्ट मातीत जाऊ दिले, पण आईचा शब्द खाली पडू दिला नाही. अशी लेक पोटी आली याचा अभिमान वाटावा, की स्वतःची लाज वाटावी, हे तिला कळेना. दोन्ही वाटत होतं.

"थांबा वो बाई," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

घर पलीकडेच होतं. ती परत आली ती दोन्ही हातांत गंज धरून. तो तिने बोधनकर बाईंपुढे ठेवला आणि झाकण काढलं.

"पाहा. लाखोळी हाये. सकारी तुमाले तूर सांगतली, थे खोटं होतं. अन् तूप तं म्या दिवाळीपासून पाह्यलं नाई. हे पोरगी याच डाळीवर वाढली. माह्या दिराचे पाय याच डाळीनं गेले. तिले सगडं मालूम हाये. पन मायची इज्जत जाईन म्हून गप रायली."

रुखमाबाई बायांकडे वळली. "अन् इतवारे, तुह्या घरी कोनती तूर वो? परवाच तं पायलीभर लाखोळी नेली माह्याकडून!"

इतवारीने पदर तोंडाला लावला आणि आधी तीच हसली. "मंग मीबी गंज आनू म्हनते काय?" म्हणत ती उठलीसुद्धा. तिच्यामागे मागच्या बायांतली भागीरथा उठली, मग आणखी काही जणी. थोड्याच वेळात बोधनकर बाईंपुढे गंजांची पंगत बसली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

भिंतीला टेकून बसलेला देवाजी काठीवर पुढे सरकला. "मले तवा कोनी सांगतलं नाई, पोरी," तो म्हणाला. "तू सांग. मोठ्यानं सांग."

सत्यशीलाने सांगितलं. मोठ्याने सांगितलं. आता बाया विचारायला लागल्या. पाणी फेकलं तर चव जाते का? वड्याच्या पिठाचं काय करायचं? पोटुशीला चालते का? भिजायचे दोन तास कधी सरले ते कळलं नाही. सत्यशीलाने पाणी फेकलं आणि ती डाळ रुखमाबाईने उचलून घरी नेली.

उन्हं उतरल्यावर बोधनकर बाई निरोप घ्यायला आल्या. "आजी, तुमच्या लेकीचा धडा पास झाला. उत्तम झाला. आता निघते मी."

"निघता कशा? जेवून जा," रुखमाबाई दारात आडवी उभी राहिली. तिने मान ताठ केली आणि पलीकडच्या इतवारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लाखोळीचं वरन हाये. पयलं पानी फेकून केलेलं. माह्या पोरीनं शिकवलं."