जानोरीच्या वळणावर थांबणारी गाडी

हिरामणनं जुनी मोटारसायकल घेतली त्या दिवशी ओझरची कुत्री गाव सोडून गेली, असं सांगतात. सगळी नाही, एक लंगडं राहिलं. आधीचा मालक द्राक्षवाला होता आणि त्यानं तिच्यावरून इतकी वर्षं फवारणीची औषधं वाहिली होती, की ती ज्या रस्त्यानं जाई तिथं पुढं आठवडाभर डास फिरकत नसत. तिचा रंग मुळातला पिवळा की गंधक बसून झालेला, यावर निवृत्ती मेकॅनिकच्या गॅरेजात दोन तट पडले होते, आणि एका तटातला माणूस दुसऱ्या तटातल्याच्या घरी लग्नालाही गेला नाही.

हिरामणच्या कानावर यातलं काही पडत नव्हतं. म्हणजे पडत होतं, पण आत जात नव्हतं. तो विमानाच्या कारखान्यात फिटर. अठ्ठ्याण्णव सालच्या फाल्गुनात त्याची बायको आशा काविळीनं गेली. ताप म्हणता म्हणता गेली. तेव्हापासून हा माणूस वेळेवर उठे, वेळेवर पंच करी, डबा खाई, आणि डब्यात काय होतं विचारलं तर झाकण उघडून बघून सांगे. रडला नाही. चिडलाही नाही. नव्या गाडीचा सायलेन्सर पहिल्याच दिवशी पोटरीला चिकटला, तर त्याला आधी वास आला, आणि कुणाचं काय जळतंय म्हणून त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

गाडी घ्यायचं कारण एकच, मोहिनी. त्याची सहा वर्षांची पोर. आई गेल्यापासून ती आजोळी होती, दिंडोरीच्या अलीकडं मळ्यात, यशोदाबाईंजवळ. जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घालायचं होतं. ओझरला घातलं तर ती बापाजवळ येणार. दिंडोरीला घातलं तर आजीजवळ राहणार, आणि एकदा तिथं बाकावर बसली की तिला उठवून आणायचं बळ हिरामणजवळ नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि यशोदाबाईंनाही.

यशोदाबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच दाखवून दिलं, की क्वार्टरपासून शाळेपर्यंत रस्ता हायवेचा, पोरीला रोज तुम्हीच ने-आण करणार, आणि गाडी ही असली.

"ट्रकांच्या मधी बंद पडली तर पोर कुठं जाईल, जावईबापू? हितून ओझरपात्तुर एकदा न थांबता जाऊन दाखवा. पुढल्या रयवारी पोर तुमची."

अट साधी होती. माणूस जेरीस येतो तो साध्या अटींनीच.

रविवारी सकाळी हिरामण गाडी धुई. रॉकेलचा बोळा, मग साबण, मग कोरडं फडकं. पंपावर पेट्रोल भरी आणि निघे. जाताना गाडी अशी पळे, की रस्त्याकडेच्या द्राक्षांचे बेदाणे व्हावेत. मळ्यात जेवण होई. मोहिनी त्याला शेळीचं करडू दाखवी, पडलेला दात दाखवी, आणि तो "हां" म्हणे. दात पाहूनही "हां" आणि करडू पाहूनही "हां". मग पोर निमूट आजीच्या पदराखाली जाई.

निघायच्या वेळी यशोदाबाई तबक घेऊन येत. जावई लांब निघाला, गाडी दुसऱ्याची वापरलेली, मागच्या मालकाचं काय बरंवाईट तिच्या अंगावर असेल कोण जाणे, तेव्हा पूजा केल्याशिवाय त्या चाक हलू देत नसत. चाकाखाली लिंबू. नारळ. आणि पोळ्याला बैलाच्या कपाळाला लावतात तसं हळदकुंकू, टाकीच्या गोल झाकणावर. त्यांच्या मते तेच गाडीचं कपाळ. वाऱ्यानं अक्षता उडू नयेत म्हणून त्या कुंकू गंधात घट्ट कालवत आणि अंगठ्यानं चेपून बसवत.

मग हिरामण निघे, आणि जानोरीच्या वळणावर, कारभारीच्या रसवंतीसमोर, गाडी आचके देई आणि उभी राही.

दर रविवारी तिथंच, हातभर इकडं नाही की हातभर तिकडं नाही. कारभारीनं तिथं खुणेला एक दगड ठेवला आणि दगडाशेजारी बाकडं टाकलं. हिरामण उतरे, झाकण उघडून टाकी हलवून बघे, पेट्रोल डुचमळताना दिसे. झाकण लावून किक मारी. दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी सुरू, आणि घरापर्यंत एखादाच आचका. सोमवारी निवृत्तीकडं नेली की काहीच नाही. निवृत्ती इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावी. या युक्तीनं त्याला इंजिनाचं दुखणं कळे, मालकाची रास कळे आणि चांदवडचा पाऊस आदल्या दिवशी कळे, अशी त्याची ख्याती होती. त्यानं पहिल्या आठवड्यात प्लग बदलला, दुसऱ्या आठवड्यात पॉइंट घासले. मग कार्बुरेटर उकडलेल्या अंड्यासारखा सोलून साफ केला. मग पेट्रोलची नळी, मग कॉइल. वैशाख सरता सरता गाडीत जुनी म्हणावी अशी एकटी नंबरप्लेट उरली, तरी ती वळणावर थांबायची ती थांबलीच.

"माझ्या हिशेबानं तिला काहीच झालेलं नाही," निवृत्ती शेवटी म्हणाला. त्यानं स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला, कायमचा नाही, पण रागानं.

रसवंतीवर मात्र निदानाला तोटा नव्हता. रविवारी दुपार उतरली की लोक ग्लास घेऊन बाकड्यावर येऊन बसत. एक म्हणे वळणावर पूर्वी एक तमासगीर मेला, त्याला लिफ्ट हवी असते. दुसरा म्हणे जमिनीखाली लोहचुंबक आहे. त्याच्या आजोबांच्या बैलांचे नाल इथंच गळत. पण सगळ्यांत टिकलं ते कारभारीचं म्हणणं. जाताना गाडी पळते आणि येतानाच थांबते, म्हणजे ती काय सांगते? पोरीची आई गेलीय, पोर मागं राहतेय. आई गाडीला पुढं जाऊ देत नाही. हे त्यानं हिरामणसमोरच सांगितलं, रसात लिंबू पिळता पिळता, कारण हिरामणसमोर काहीही बोललं तरी चाले. हिरामणनं ग्लास संपवला. आशाला गाडी चालवता येत नव्हती, एवढंच त्याच्या मनात आलं.

मळ्यात गेल्यावर यशोदाबाई विचारत, थांबली का? तो म्हणे, थांबली. खोटं बोलायला अंगात थोडी ऊब लागते, ती त्याच्यात नव्हती. यशोदाबाई उसासा टाकत आणि पुढच्या पूजेला कुंकू थोडं जास्त घेत.

शाळा उघडायला थोडेच आठवडे उरले असताना यशोदाबाईंच्या चुलत दिराच्या घरी मयत झालं. भावकीतलं सुतक. त्या रविवारी तबक निघालं नाही. यशोदाबाई ओट्यावर लांब बसून राहिल्या आणि जपून जा म्हणाल्या.

गाडी वळणावर आली आणि गेली.

बाकड्यावरची माणसं ग्लास हातात धरून उभी राहिली. एकाच्या हातातला रस तसाच राहिला आणि संध्याकाळपर्यंत आंबून त्याची दारू झाली, असं कारभारी पुढं वर्षानुवर्षं सांगे. कुणी म्हणालं आईनं सोडलं. कुणी म्हणालं लोहचुंबक संपलं. हिरामण ओझरला पोचला, गाडी स्टँडवर लावली आणि तिच्याकडं बघत उभा राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं थोडी वाट पाहिली. मग आत जाऊन भात टाकला.

पुढच्या रविवारी सुतक फिटलं होतं. मोहिनीची पिशवी भरून ठेवायची, असं ठरलं होतं, पण ती भरलेली नव्हती. यशोदाबाई म्हणाल्या, एकदा गेली म्हणजे कायमची सुधारली असं कुठंय, आजचा दिवस बघू. गाडी देवानं नेली, तर देवाचं करायलाच हवं, म्हणून पूजा अशी झाली की झाकण दिसेना. त्यावर कुंकवाची भाकरीच थापली होती.

वळणावर गाडीनं आचके दिले आणि ती उभी राहिली.

रसवंतीचा हंगाम संपला होता. चरक ताडपत्रीखाली, घुंगरं गप्प, माणसं नाहीत. कारभारी बाकड्यावर आडवा होता, तो उठला नाही. हिरामणनं झाकण फिरवलं आणि आवाज आला. *सुस्स.* टाकीनं लांब श्वास आत ओढला. घुंगरांच्या खणखणाटात हा आवाज इतके दिवस झाकला गेला होता.

त्यानं झाकण उलटं केलं, सुलटं केलं. मधोमध दाभणाच्या टोकाएवढं भोक असतं, ते नव्हतं. तिथं कुंकू वाळून दगड झालं होतं. त्यानं कुंपणाच्या बाभळीचा काटा तोडला आणि टोकरलं. मग तोंड लावून फुंकलं. हळदीची चव आली. बऱ्याच दिवसांनी कशाची तरी चव आली, म्हणून त्यानं ओठ पुन्हा चाटून पाहिले.

पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा यावी लागते. भोक बुजलं की टाकी आतल्या आत पेट्रोल धरून ठेवते. हे हिरामणला शिकवावं लागत नव्हतं. विमानाच्या टाकीचं हवेचं तोंड उघडं आहे का, हे तो कारखान्यात रोज बोट लावून बघत होता. आशा गेल्यानंतरही बघत होता. आणि रविवारी सकाळी स्वतःच्याच हातानं झाकण घासून पुरावा धुऊन टाकत होता.

आता वाट सोपी होती. पुढच्या रविवारी पूजा होऊ द्यायची, मळा नजरेआड झाला की काटा घालायचा, न थांबता पोचायचं, पोर आणायची. कुणाला काही सांगायला नको. आठवडाभर त्याचा हाच बेत होता. पण मळ्यात जेवून हात धुतल्यावर तो गाडीशी गेला, झाकण काढून घेऊन आला आणि यशोदाबाईंसमोर जोत्यावर ठेवलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

"मामी, हे भोक आहे. ह्यातून टाकीला हवा लागते. कुंकवानं बुजतं, म्हणून गाडी थांबते."

यशोदाबाईंनी झाकण हातात घेतलं. तांदूळ निवडताना धरतात तसं उजेडाकडं धरलं. मोहिनी करडाला पाला घालत होती, तिनंही तिकडं पाहिलं आणि पुन्हा पाला घालू लागली.

"सुतकात गाडी गेली ना," यशोदाबाई म्हणाल्या, "तवाच माज्या मनात आलं व्हतं. मी काय केलं नाय, आन् गाडी गेली."

हिरामण जोत्याच्या कडेला टेकला.

"तरी लावलं. जाड लावलं." त्यांनी झाकण पदरानं पुसलं, कोरडं होतं तरी. "एक लेक गेली, जावईबापू. दुसरी तुमी नेणार. आन् तुमी तर पोरीशी बोलत बी नाय."

"हां," हिरामण म्हणाला. मग त्याला कळलं की हे उत्तर नव्हतं.

यशोदाबाई झाकण जोत्यावर ठेवून आत गेल्या. भांड्यांचे आवाज आले, ट्रंकेचं झाकण वाजलं. हिरामणनं टाकीचं झाकण जागच्या जागी बसवलं आणि तो उभा राहिला. त्या बाहेर आल्या त्या एका हातात तबक आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून मोहिनीच्या फ्रॉकची बाही लोंबत होती. लिंबू ठेवलं. नारळ फुटला. कुंकवात बुडवलेला अंगठा सवयीनं टाकीवर गेला, झाकणावर वीतभर उंचीवर थांबला, आणि मग पुढं सरकून हेडलाइटच्या डोक्यावर टेकला. त्यांनी तिथं लावलं. हलकं लावलं. अक्षता टिकल्या नाहीत, घरंगळून मडगार्डवर पडल्या.

मोहिनीला त्यांनी स्वतः उचलून पुढं टाकीवर बसवलं. रविवारची येत जा म्हणाल्या, पण ते पोरीला की गाडीला, हे कळायच्या आत पाठ फिरवून करडाचा पाला गोळा करायला वाकल्या.

द्राक्षांचे मांडव मागं पडत गेले. पोर आधी रडली, मग थकून गप्प बसली. वळण जवळ आलं. कारभारी चहाची टपरी टाकायच्या तयारीत बांबू ठोकत होता, तो हातोडी वर धरून थांबला. आणि गाडीनं आचका दिला.

दुसरा दिला. हिरामणनं खाली पाहिलं. पडू नये म्हणून पोरीनं टाकीचं झाकण दोन्ही तळव्यांनी गच्च दाबून धरलं होतं.

"तिथं नको धरू."

"मग कुठं धरू?"

त्यानं हँडलवरचा डावा हात सोडला, तिचे तळवे झाकणावरून उचलले आणि स्वतःच्या उजव्या मनगटावर ठेवले. गाडी खाकरली, घसा मोकळा झाल्यासारखी एकदम पुढं निघाली, आणि कारभारीचा दगड मागं राहिला. पोरीनं मनगट धरलं. तिचे हात घामट होते आणि नखं वाढलेली होती. नखं त्याला टोचत होती. तो गाडी हळू चालवू लागला.