पहिल्या लाथेत न पडलेला दरवाजा

मित्रांनो, मी पहिल्याच लाथेत मोडून पडलो असतो, तर भिकाजी सुताराला दोन महिन्यांची सुट्टी मिळणार होती. त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, तसं सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. माझ्या मोडण्यात ज्याचा एवढा फायदा, तोच मला घडवत होता. आता बोला!

मी एक जुना दरवाजा आहे. ओमानमधल्या सूर गावी, समुद्राकाठच्या एका सुतारखान्यात भिंतीला टेकून उभा असतो. माझं सागवान मूळचं एका गलबताचं. ते मोडीत निघालं, आणि उरलेल्या फळ्यांतून भिकाजीने मला जुळवलं. एकोणीस वर्षं तो इथल्या लोकांची दारं करतोय. गुहागरकडे त्याचं स्वतःचं घर नुकतंच बांधून झालं होतं, पण पुढच्या चौकटीत अजून पत्राच आडवा लावलेला. त्याची बायको सुगंधा फोनवर म्हणायची, "साऱ्या ओमानला दारं लावलीत. आपल्या घरात कुत्रं शिरतंय, त्याचं काय?" म्हणून ती सुट्टी हवी होती.

मला बनवलं ते एका अरबी सिनेमासाठी. सत्तेवरच्यांविरुद्ध बोलणाऱ्या एका मास्तरांना धरायला बंदूकवाले येतात, आणि त्यांना वाट दाखवतो मास्तरांचाच जुना विद्यार्थी. तो दारावर लाथ मारतो, मागे कान झाकून बसलेली मास्तरांची नात उठून पळते, आणि ती बसली होती तिथेच दार आत कोसळतं. तिला पाहून त्याचं मन त्याला खायला लागतं. विद्यार्थी झाला होता उस्मान. नात झाली होती मुस्कान, मस्कतच्या हमरिया वस्तीतल्या एका शिंप्याची सात वर्षांची मुलगी. दिग्दर्शन सफियाबाईंचं. सफियाबाईंना नाव हवं होतं, उस्मानला टाळ्या, आणि सेट उभारणाऱ्या पुण्याच्या राकेशला सफियाबाईंची शाबासकी. मला काय हवंय, हे कुणीच विचारलं नाही.

राकेशच्या सांगण्यावरून भिकाजीने माझे सांधे करवतीने निम्म्याहून जास्त कापले, चिरांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला. बाहेरून मी भक्कम, आतून पोकळ. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, आता मीच त्यांच्यातला झालो.

मग तालीम झाली. मुस्कान माझ्यामागे दोन हात अंतरावर बसली, कान घट्ट दाबून. सफियाबाई "यल्ला!", म्हणजे "चला!", ओरडल्या की तिने उठून बाजूला पळायचं, मगच लाथ बसायची, असं ठरलं होतं. सगळे खूश. भिकाजीचा हात मात्र रंध्यावरच थांबला.

"राकेश, पोरीने कान झाकलेन की दोन्ही. हाक ऐकू कशी येणार तिला?"

"येईल हो काका. तुम्ही दार बघा, सिनेमा आम्ही बघतो. आणि सुट्टी हवीये ना?"

तालमीत दार पडायचं नव्हतं, म्हणून मुस्कान उशिरा उठल्याचं कुणाला काही वाटलं नाही. चहाची वेळ झाली. सगळे पांगले. भिकाजी एकटाच माझ्याजवळ आला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं: तिकडे पत्रा, इकडे पोरगी. मग त्याने आतल्या बाजूने माझ्या पाठीवर दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, वर लांब स्क्रू पिळले, आणि पुटपुटला, "आता पडून दाखव."

कॅमेरा सुरू झाला. "यल्ला!" उस्मानची लाथ बसली. मी हललो नाही. दुसरी बसली. तिसऱ्या लाथेला तो कळवळून पायरीवरच बसला.

अर्बाब तांबडालाल झाला. "भिकाजी! सुट्टी खलास!"

भिकाजी पुढे झाला. त्याने मला हळूच बाहेर ओढून उघडलं. आत मुस्कान तशीच बसली होती, डोळे मिटून, कान दाबून. ना हाक ऐकलेली, ना जागची हललेली.

सफियाबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी पोरीला उचलून छातीशी धरलं, माझ्या पाठीवरच्या पट्ट्या पाहिल्या, मग भिकाजीकडे पाहिलं. "अर्बाब," त्या एवढंच म्हणाल्या, "याची सुट्टी मी मागते." अर्बाबने टोपी काढून डोकं खाजवलं. "जा बाबा. उद्याच जा."

सिनेमात तोच प्रसंग ठेवला: दार उघडत नाही, विद्यार्थी पायरीवर बसतो आणि मान खाली घालतो. लोक म्हणतात, काय कल्पना आहे! राकेश म्हणतो, हो ना.

आता माझा रंग खाऱ्या वाऱ्याने पोपडे धरतो. कुणी तेलाचा हात फिरवला तर बरं वाटेल. पण मित्रांनो, तेवढं नाही जमलं तरी चालेल. बंद दारासमोर याल, तेव्हा आधी कडी वाजवा. पलीकडे कुणीतरी कान झाकून बसलेलं असू शकतं.

हिशेब म्हणाल तर सफियाबाईंना नाव मिळालं, राकेशला शाबासकी, मुस्कानला चिप्सचं पाकीट आणि शाबूत कपाळ, गुहागरच्या घराला सागवानी दार. या सगळ्याची किंमत मोजली ती एकट्या उस्मानच्या अंगठ्याच्या नखाने. आणि तेसुद्धा वर्षाच्या आत परत उगवलं.