गच्चीची किल्ली

बुधवारी सकाळी साडेनऊला ब्लॉक दोनशे चौदाच्या चौदाव्या मजल्याबाहेर ऐंशी किलोचा एक पुतळा दोराला लटकत होता, आणि आमच्या हैरुलचा धंदाही त्याच दोराला लटकत होता.

हैरुलची कंपनी सात माणसांची. दोरावरून उतरून उंच इमारतींच्या भिंती धुवायच्या, रंगवायच्या, हे काम. मी तिथली स्टोअर सांभाळणारी. कुठला दोर कुणी नेला, कुठला पट्टा कधी फाटला, कुठल्या ब्लॉकची किल्ली किती वाजता मागितली आणि किती वाजता मिळाली, हे सगळं माझ्या वहीत.

सरकारी खातं आणि कंत्राटदारांची संघटना यांनी वर्षभर बैठका घेऊन एक नियम काढला होता. दोरावर अडकलेल्या माणसाला दहा मिनिटांत खाली आणून दाखवा, तरच दोरावरच्या कामाचा परवाना. पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठत जातं, त्याला जास्त वेळ लटकत ठेवून चालत नाही. संधी एकच. हुकली तर वर्षभर घरी बसा.

हैरुल गोदामातल्या मनोऱ्यावर महिनाभर सराव करत होता. सहा मिनिटांत पुतळा खाली. मी एकदा विचारलं होतं, "रोज वरूनच कसा रे सुरू करतोस?" त्यावर सगळे हसले होते. हैरुल तेवढा हसला नव्हता.

पहिली पाळी ढिल्लोंच्या टीमची. ढिल्लों संघटनेचा अध्यक्ष, पदरी तीनशे माणसं. टीमची हेल्मेटं एका रंगाची, बूट एका रंगाचे, दोर तर इतके कोरे की त्यांना हात लावायचीच भीती वाटावी. खात्याच्या मिस पांगनी शिट्टी मारली, गळ्यातलं घड्याळ दाबलं. टीम धावत लिफ्टमध्ये शिरली, विसाव्या मजल्यावर पोचली आणि गच्चीच्या कुलपासमोर उभी राहिली.

किल्ली ब्लॉक दोनशे नऊमधल्या वसाहतीच्या ऑफिसात. तिथला कारकून म्हणाला, फॉर्म भरा. फॉर्म भरला. त्यावर मॅनेजर रेथिनम यांची सही हवी. रेथिनम कुठे? तर इमारतीखालच्या टपरीवर कॉफीचा पेला हातात धरून हीच परीक्षा बघत उभे.

एकतीस मिनिटं लागली.

ढिल्लों पगडीवरून हात फिरवत राहिला. मिस पांगनी दोन मिनिटं कागद चाळले आणि म्हणाल्या, "हे आमच्या लक्षात आलं नाही. दार उघडं ठेवू. सगळ्यांचं घड्याळ गच्चीवरून सुरू करू."

"आणि माझी टीम परत उतरेल," ढिल्लोंनी लगेच टाकलं.

माझ्या मनात लाडू फुटले. गच्चीवरून म्हणजे सहा मिनिटं. परवाना खिशात.

हैरुल म्हणाला, "नको."

"नको म्हणजे?" मिस पांगनी विचारलं.

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी मी याच ब्लॉकला अडतीस मिनिटं लटकत होतो. दोर अडकला. माझी माणसं चहाला खाली आली होती. किल्ली दर वेळी परत करायची असते, म्हणून दार लावून आली होती. माणूस अडकतो तेव्हा दार बंदच असतं."

त्यानंतर दोन दिवस त्याला धड उभं राहता येत नव्हतं. त्याने ते कंपनीबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगितलं.

रेथिनमनी पेला खाली ठेवला. "आणि दार उघडं ठेवलं तर? गेल्या वर्षी दोन पोरं कठड्यावर पाय सोडून बसलेली सापडली. उद्या काही झालं तर लोक माझ्या दारात येतील, तुमच्या नाही."

त्यांचंही खोटं नव्हतं. मी वही उघडली. "साहेब, या ब्लॉकची किल्ली आम्ही तेवीस वेळा मागितली. सगळ्यात लवकर मिळाली ती चौदा मिनिटांत. सगळ्यात उशिरा बावन्न. त्या दिवशी तुम्ही दात काढायला गेला होता."

"तेसुद्धा लिहिलंय?"

"कुठला दात ते नाही लिहिलं."

ढिल्लों मोठ्याने हसला. "आंटी, माझ्याकडे या नोकरीला."

"तुमच्याकडे येऊन बंद दारासमोर उभी राहू?"

हैरुलला हसायला वेळ नव्हता. "दार बंदच राहू दे. किल्ली इथे खाली, सीलबंद. सील फोडणाऱ्याने त्याच क्षणी रेथिनम साहेबांना फोन करायचा. पोरांनी फोडलं तर साहेबांना लगेच दिसेल."

"याला बैठक लागेल," मिस पांग म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात."

"तोवर कुणी अडकलं तर त्याला काय, थांब म्हणायचं?" ढिल्लों म्हणाला. तासाभरापूर्वी हा माणूस असं बोलला नसता.

टपरीवाल्या स्वी हून बाईंनी एवढ्यात आल्याच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा कागदावर रिकामा केला होता. "घ्या. पण परत द्या."

किल्ली डब्यात गेली. झाकणावरून चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तीन सह्या: खात्याची, संघटनेची आणि रेथिनमची. रेथिनमची सगळ्यात मोठी.

मी हैरुलला बाजूला ओढलं. "डोकं ठिकाणावर आहे का? वरून सहा मिनिटं होती. नापास झालास तर सात घरं बसतील."

"आंटी, तुम्ही फक्त लिहा."

शिट्टी झाली. हैरुलने पट्टी टरकावली, रेथिनमचा फोन वाजला, हैरुल आणि त्याचा जोडीदार कियांग लिफ्टमध्ये गडप झाले. आम्ही खाली लिफ्टवरचे आकडे बघत राहिलो. दोन, तीन, चार, पाच.

पाच.

अजून पाचच.

कुणी आजी भाजीची ढकलगाडी घेऊन दारात उभी असणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. तिला खाली जायचं असणार, आणि तरीही ती वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये शिरणार, तेही सावकाश. "पन्नास सेकंद गेले," मिस पांग पुटपुटल्या. मग सहा, सात, आणि आकडे भराभर चढले.

चार मिनिटं वीस सेकंदांनी कठड्यावर कियांगचं डोकं दिसलं. दोर खाली सुटले. हैरुल उतरू लागला तो असा, की मजले मोजता येईनात. पुतळ्यापाशी पोचला, त्याला स्वतःच्या पट्ट्याला अडकवला, त्याचा दोर सोडवला. सात मिनिटं पाच. आणि तेवढ्यात तेराव्या मजल्यावरच्या खिडकीतून वाळत घातलेल्या ओल्या चादरींनी भरलेली बांबूची काठी सरळ बाहेर आली, बरोब्बर त्याच्या पायाखाली.

"तेरावा मजला!" ढिल्लों हाताचा कर्णा करून ओरडला. "ताई, काठी आत घ्या! माणूस उतरतोय!"

खिडकीतून एक चेहरा वर वळला. समोर बुटांचे दोन तळवे आणि त्यामागे पुतळा. काठी चादरींसकट आत गेली, एक चादर मात्र बाहेर फडफडत खाली निघाली. तोवर शेजारच्या ब्लॉकच्या खिडक्या भरल्या होत्या. रेथिनम मजले मोजत होते, मोठ्याने, स्वतःच्याच इमारतीचे: "नऊ, आठ, सात..." मिस पांगचा अंगठा घड्याळावर पांढरा पडला होता. मी वही छातीशी धरली होती, आणि पेन कुठे पडलं ते मला माहीत नव्हतं.

हैरुलचे पाय जमिनीला लागले.

"नऊ मिनिटं सत्तेचाळीस."

कुणी काही बोलायच्या आत हैरुल गुडघ्यावर बसला. स्वतःचा पट्टा तसाच ठेवून त्याने आधी पुतळ्याच्या मांड्यांवरचे पट्टे सैल केले. पुतळ्यात वाळू होती. कुणी त्याला थांबवलं नाही. मिस पांगनी कागदावर शिक्का मारला तेव्हाही तो तिथेच बसून होता.

"किल्ली डब्यात टाका," ढिल्लों म्हणाला. "माझी टीम परत. खालून."

रेथिनम नवी चिकटपट्टी घेऊन आले होते.

"माझा डबा?" स्वी हून बाईंनी विचारलं.

"आता तो सरकारचा," मिस पांग म्हणाल्या.

"अर्धा आमचा," ढिल्लों म्हणाला.

पेन बाकाखाली सापडलं. मी चोविसावी नोंद केली. ब्लॉक दोनशे चौदा, गच्ची. किल्ली मागितली: दहा वाजून चाळीस. मिळाली: दहा वाजून चाळीस.