कूलरपुढचा निळजिभ्या

मित्रांनो, राळेगावात निळ्या जिभेची, जाडजूड, आखूड पायांची एक सापसुरळी राहते. ती मीच. इकडे आम्हाला सापाची मावशी म्हणतात. मी नर आहे, तरी मावशीच. त्याचा मला राग नाही. माझा राग अमरवर आहे आणि तो मी लपवणार नाही.

दूरच्या एका शहरात, प्राणी विकणाऱ्याच्या घरी माझा जन्म झाला. अमरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्याच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. त्याने मला हौसेने विकत आणलं आणि काचेच्या पेटीत घालून काउंटरवर ठेवलं. सुरुवातीला माझे लाड झाले. उकडलेलं अंडं, भोपळा आणि वर शेकायला पिवळा दिवा. मित्रांनो, आमचं अंग आपोआप तापत नाही. शेक मिळाला नाही तर पोटातलं अन्न पचत नाही. विकणाऱ्याने हे अमरला बजावून सांगितलं होतं. मला विष नाही, हेही सांगितलं होतं.

पण बिनविषारी प्राणी बघायला कोण थांबणार? अमर गिऱ्हाइकांना सांगायचा, "भाऊ, लय जहरी आहे हे. चावलं तं बैल जागेवर बसते." मग पेनाने मला ढोसायचा. मी घाबरलो की जबडा वासून निळी जीभ दाखवतो. लोक व्हिडिओ काढायचे, हसायचे. माझ्या भीतीवर त्याची फुशारकी चालली होती.

उन्हाळा आला. आमच्याकडे मे महिन्यात पाहुण्याला पहिली जागा कूलरपुढे देतात. तो मान मलाही मिळाला. "एवढ्या गर्मीत वरतून दिवा कायले लावतं रे? मरून जाईन ना बिचारं," असं म्हणत अमरच्या आईने, सत्यशीलाबाईंनी, दिवा काढला आणि पेटी कूलरच्या झोतात ठेवली. त्या माउलीला काही माहीत नव्हतं. अमरला माहीत होतं. तरी तो म्हणाला, "राहू दे, मस्त थंडगार राह्यते."

रात्रंदिवस तो ओला वारा अंगावर. खाल्लेलं अंडं पोटात तसंच पडून राहिलं. मग खाणं सुटलं, नाक वाहू लागलं, श्वास घेताना शिट्टी वाजू लागली. अमरची धाकटी बहीण अपेक्षा म्हणाली, "दादा, हे काहीच खाऊन नाही राह्यलं. डॉक्टरले दाखव ना."

"नाटकं करते वं ते," अमर म्हणाला.

त्या क्षणी मी ठरवलं, मरायचं तर मरू, पण याला धडा शिकवून. पण गारठलेल्या जबड्यात जोर कुठून आणणार?

एका दुपारी लाइन गेली. कूलर बंद पडला, टिनाची खोली तापली आणि कितीतरी दिवसांनी माझं अंग जागं झालं. तेवढ्यात अमर दोस्तांना घेऊन आला. माझी जीभ बाहेर येईना, म्हणून त्याने बोटांनी माझा जबडा उघडायला घेतला. मी वाटच बघत होतो. त्याचं एक बोट करकचून धरलं आणि सोडलं नाही.

"मेलो वं माय!"

मला विष नाही हे त्याला ठाऊक होतं. पण आपलीच थाप इतक्यांदा सांगून आता त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला. सत्यशीलाबाई कडुनिंबाचा पाला घेऊन धावत आल्या. विष चढलं की निंब कडू लागत नाही, अशी इकडची समजूत.

"चाव लवकर. कडू लागून राह्यलं का?"

भीतीने त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. "नाही लागून राह्यलं वं!" म्हणून तो ढसाढसा रडू लागला. मग आणखी पाला, वर हिरवी मिरची. दोस्त कोपऱ्यात उभे. मित्रांनो, मी ते डोळे भरून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

साप चावला की लोक डॉक्टरला दाखवायला सापही नेतात. तसंच, मी बोट सोडल्यावर मला बादलीत घालून, वर ताट झाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अमरची जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि ताट उचलून आत पाहिलं. "तुला काही झालेलं नाही. मरायला टेकलाय तो हा. थंडी भरलीय त्याला."

सत्यशीलाबाईंनी लेकाकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

त्याने मान डोलावली. "चाल मंग, उचल ते बादली. ढोराच्या दवाखान्यात जाऊ," त्या म्हणाल्या.

तिथे माझा जीव वाचला. पण जुनी कात मागच्या पायाच्या बोटावर अडकून दोऱ्यासारखी आवळली होती. कोमट पाण्याने ती वेळीच सोडवायची असते. बोट काळं पडलं होतं, कापावं लागलं.

आता अपेक्षा माझं बघते. पेटी मात्र आईच्या हुकमाने अमरच साफ करतो, जाड हातमोजे घालून. मी उगाचच फुसकारतो. त्याने दचकावं, एवढंच.

मित्रांनो, प्राणी घरी आणण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा. तुमचं सुख त्याचं मरण असू शकतं. आणि कळूनही कानाडोळा करणार असाल, तर आणूच नका.

परवा अमर पेटीजवळ बसून हळूच म्हणाला, "चुकलं बावा माझं." त्याचं बोट आता भरून आलं आहे, वणही दिसत नाही. माझं बोट काही परत उगवणार नाही. मी त्याच्याकडे पाठ फिरवली.