हिएनच्या हातचं जेवण

लेकीच्या घरी येऊन चार दिवस झाले, तेव्हा मन्मथअप्पांनी तिला विचारलं, "इथं हैदराबादेत व्हिएतनामचं जेवण कुठं मिळतं गं?"

सिंधु ऑफिसचा डबा भरत होती. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिची आई दानम्मा चहा गाळता गाळता वळून बघायला लागल्या. एकोणतीस वर्षांच्या संसारात या माणसानं, स्वयंपाक कोण करतंय हे विचारल्याशिवाय हॉटेलात पाणी घेतलं नव्हतं. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळाला विभूती, आणि प्रवासात दशम्यांचा डबा जवळ. कृषी खात्यात नोकरी करून उदगीर, नायगाव, हिमायतनगर असं सगळीकडं फिरले, पण तो डबा काही सुटला नाही.

"तुम्हाला कशाला पाहिजे ते, अप्पा?" सिंधु म्हणाली. "त्यात मासे-बिसे असतात."

"बिगर माशाचंबी असतंय. मला माहीत हाय."

एवढं बोलून ते पेपर उघडून बसले. त्या उन्हाळ्यात पेपरात रोज लातूरच असायचं. रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं, तरी त्यांच्या गल्लीत टँकर आला की घागरींची रेटारेटी व्हायची. दानम्मांचा गुडघा दुखरा, म्हणून सिंधुनं दोघांना पाऊस पडेपर्यंत आपल्याकडं बोलावून घेतलं होतं. अप्पा नुकतेच रिटायर झालेले, त्यामुळं त्यांनाही नाही म्हणता आलं नाही.

तीस वर्षांपूर्वी ते याच शहरात तीन महिने राहिले होते. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, टेबलं कमी आणि माणसं नवी. त्यातच पावसानं दगा दिला. कमी पाण्यावर येणारा भुईमूग शिकून यायला खात्यानं एका तरुण माणसाला हैदराबादजवळच्या संशोधन केंद्रात पाठवायचं ठरवलं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या मन्मथचा नंबर लागला. तिथं देशोदेशीची पोरं होती. मन्मथच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर व्हिएतनामचा हिएन आला.

हिएन अंगानं बारका, बोलायला हळू. इंग्रजी दोघांचंही यथातथाच, त्यामुळं उलट बरं जमलं. सकाळी दोघं मिळून वाफ्यात जायचे, शेंगा मोजायचे, दुपारी एकाच झाडाखाली बसायचे. आपल्या गावात लढाईत बॉम्ब पडून झालेल्या खड्ड्यांत आता लोक मासे पाळतात, असं हिएननं एकदा सहज सांगितलं. मन्मथनं त्याला आपल्या गावची आटलेली विहीर सांगितली. जेवायला मात्र मन्मथ वेगळा बसायचा. हिएननं कारण विचारलं तेव्हा त्यानं शर्टाच्या आत गळ्यात असलेलं इष्टलिंग दाखवलं आणि आमच्यात चालत नाही, असं सांगितलं. हिएननं मान हलवली. त्याला राग आलेला दिसला नाही.

मग एका रविवारी सकाळीच हिएन पिशवी घेऊन बाजारात गेला. परत आला तो नवं कोरं पातेलं, नवी सुरी, पुदिना, काकडी, गाजरं घेऊन. आपल्या देशातून आणलेले तांदळाचे कागदासारखे पापड त्यानं पेटीतून काढले. वसतिगृहाच्या मागच्या स्टोव्हवर त्यानं तांदळाच्या शेवया उकडल्या. पापड पाण्यातून काढून मऊ करायचा, आत शेवया आणि पाला घालून गुंडाळायचा, आणि शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खायचा. ही चटणी त्यानं वाफ्यातल्याच दाण्यांची वाटली होती.

"मासा नाही, अंडं नाही," तो मन्मथला म्हणाला. "पातेलंही नवीन आहे. माझी आई अमावस्येला नि पौर्णिमेला असंच जेवते. तुझ्यासाठी केलं."

मन्मथ त्या ताटाकडं बघत राहिला. ताट देखणं होतं. पण हे हात काल संध्याकाळी मासा साफ करत होते, हे त्याच्या डोक्यातून जाईना. खरं सांगितलं असतं तरी हिएननं ऐकून घेतलं असतं. पण तो म्हणाला, "पोट बिघडलंय रे. लई दुखतंय. डॉक्टरकडं जाऊन येतो."

तो डॉक्टरकडं गेला नाही. स्टँडजवळच्या उडप्याच्या हॉटेलात बसून त्यानं मसाला डोसा मागवला. अर्धा डोसा झाला असेल, तेव्हा त्यानं मान वर केली. दारात हिएन उभा होता. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, हातात औषधाच्या दुकानातली कागदी पुडी. मन्मथला डॉक्टरकडं गाठायचं म्हणून तो सायकलवर दोन मैल आला होता.

दोघांची नजरानजर झाली. हिएननं सायकल वळवली आणि तो निघून गेला.

मन्मथ खोलीवर आला तेव्हा पुडी त्याच्या उशाला ठेवलेली होती. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. त्या विषयावर हिएन पुढं कधीच बोलला नाही. वाफ्यातलं काम तसंच चाललं, बोलणंही चाललं, पण खाण्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. निरोपाच्या दिवशी दोघांनी हात मिळवले. माफी मागायची म्हणून मन्मथनं इंग्रजीतलं एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. गाडी आली, आणि ते तोंडातच राहिलं.

सहा महिन्यांनी लातूरच्या कचेरीत हिएनचं पत्र आलं. बियाण्याबद्दल दोन प्रश्न होते, आणि शेवटी एक ओळ होती: आता तुझं पोट कसं आहे? हा टोमणा आहे की काळजी, ते मन्मथला कळेना. कळेना म्हणून उत्तर लिहिलं नाही. पुढं लग्न झालं, बदल्या झाल्या, आणि कुठल्या तरी घर हलवण्यात ते पत्रही गेलं.

शनिवारी सिंधु दोघांना घेऊन गेली. तिनं फोनवर तीन-चार ठिकाणं शोधून, सगळं शाकाहारी करून देतो म्हणणारं एक निवडलं होतं. वाढायला आलेल्या मुलीचा चेहरा बघून अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "व्हिएतनाममधी तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं. ती हसून हिंदीत म्हणाली, "मी नागालँडची, अंकल. आत स्वयंपाक करतात ते नेपाळचे."

अप्पा खाली बसले. ताट आलं. पापड पातळ, आतला पुदिना बाहेरून हिरवा दिसत होता. त्यांनी एक गुंडाळी उचलली, चटणीत बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी खाल्ली. कसं लागलं, असं सिंधुनं विचारलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले, आणि मग हळूहळू त्यांनी हिएनचं सगळं सांगितलं. डोशाचंही सांगितलं, पत्राचंही सांगितलं. दानम्मांनी लिंबूपाण्याचा ग्लास पुढ्यात तसाच ठेवून ते ऐकून घेतलं.

"त्यांनी नवं पातेलं आणून केलं, ते खाल्लाव न्हाई," त्या म्हणाल्या. "आन आज कुणी केलंय, कशात केलंय, इचारलंबी न्हाई."

ताटात दोन गुंडाळ्या उरल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

घरी आल्यावर सिंधुनं विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव काय, अप्पा? शोधता येईल." अप्पांना सांगता येईना. तीन महिने एका खोलीत काढले, पण हिएनच्या पुढचं-मागचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मग सिंधुनंच संशोधन केंद्राला मेल केला. त्या वर्षीच्या यादीत हिएन नावाचा एकच माणूस होता. केंद्रानं त्याच्या देशातल्या कचेरीचा पत्ता दिला, आणि तिनं तिकडं लिहिलं.

उत्तर आलं तेव्हा मृग लागला होता, आणि अप्पा-दानम्मा लातूरला परतले होते. सिंधुनं फोनवर वाचून दाखवलं. न्गुयेन व्हान हिएन भुईमुगाच्या विभागातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी वारले.

अप्पांनी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले. सिंधु लग्न होऊन हैदराबादला गेली त्याला तीन वर्षं झाली होती. तिनं पहिल्याच दिवाळीला बोलावलं होतं. तेव्हा गेलो असतो, त्याचा शोध तेव्हाच घेतला असता, तर हिएन होता. आणि त्याच्या आधीची सत्तावीस वर्षंही तो होताच.

दानम्मा बाहेर आल्या. अप्पांनी त्यांना फोनवरचं सांगितलं.

"घरी कोण हाय त्यांच्या?"

"लिहिलं न्हाई."

"मंग इचारा की. मालकीणबाई असतील, लेकरं असतील."

"काय लिहू त्यांना?" अप्पा म्हणाले. "मी कोण म्हणून सांगू?"

गल्लीच्या तोंडाला टँकरचा भोंगा वाजला; मृग लागला तरी नळाला अजून पाणी नव्हतं. दानम्मांनी दोन घागरी उचलल्या, तेव्हा अप्पांनी त्या त्यांच्या हातातून घेतल्या आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले.