आईचा ब्रेक

बाबांना भेटायचं तर दुकानात भेटावं, गाडीत कधीच नाही. दुकानात ते घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, कणीएवढा स्क्रू चिमट्यानं बसवणार. निसटला तर हसून पुन्हा शोधणार. गिऱ्हाईक कितीही डोकं खाऊ दे, आवाज म्हणून चढायचा नाही. पण त्याच माणसाच्या हातात स्टेअरिंग द्या, की झालं! पुढचा गाढव, मागचा आंधळा, बाजूचा बिनडोक, आणि सगळ्यांना मिळून एकच सवाल: "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

लेकीनं हे लहानपणापासून मागच्या सीटवरून ऐकलेलं. आपण मेलो तरी असं व्हायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नोकरीही तिला नेमकी तशीच मिळाली. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारी ऐकायच्या. लोक फोनवरून सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि हिचं आपलं मधाळ चालू, "तुमची अडचण मला समजतेय." ऑफिसात तिला बर्फाची लादी म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडे. नवरा रोज तिच्याच गाडीतून कामाला जायचा, खिडकीबाहेर बघत मुकाट बसायचा. बिचाऱ्याला झाडांचं भारी वेड, असं ती सगळ्यांना सांगायची.

गेल्या हिवाळ्यात बाबांचं हृदय रुसलं. जीव वाचला, पण डॉक्टरीणबाईंनी गाडीची किल्ली बंद केली. म्हणाल्या, "काका, तुमच्या हृदयापेक्षा मला तुमच्या रागाची भीती वाटते." तेव्हापासून किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली, आणि बाबा येता-जाता तिच्याकडे असे बघायचे, जसं उपाशी माणसानं बंद खानावळीकडे बघावं. आज शेवटची तपासणी होती. रक्तदाब ताळ्यावर आला तर किल्ली परत.

निघताना आईनं बजावलं, "आज तोंडाला कुलूप. कुणी अंगावर गाडी घातली तरी गप्प बसायचं."

"ब्र काढणार नाही," बाबा म्हणाले. "पण जायचं माझ्याच गाडीतून. उभी राहून राहून बॅटरी मरेल तिची."

लेक चालवायला बसली, बाबा शेजारी, आईच्या जागेवर. बसल्या बसल्या त्यांना पायाखालचं रबरी मॅट दिसलं.

"हे बघ, चिमणे. तिसरं मॅट हे. तिन्हींना इथेच भोक! माझ्या बाजूचं बघ, अजून नव्यासारखं. त्या दुकानदाराला मी चांगला झापला होता, जोडीतलं एक मॅट फसवं देतोस म्हणून."

लेक गालातल्या गालात हसली. कणीएवढा स्क्रू दिसणाऱ्या माणसाला हे भोक कशाचं ते उभ्या जन्मात दिसलं नव्हतं. बाकी घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाबांनी वेग घेतला, की आईची उजवी टाच आपोआप त्या जागी रुतायची. तोंडानं एवढंच, "अहो, हळू." भावंडं त्याला आईचा ब्रेक म्हणायची.

रस्ता तुंबलेला. बाबांनी खरंच शब्द पाळला. एका स्कूटरवाल्यानं नाकासमोरून आडवी घातली, तेव्हा त्यांचे कान लाल झाले, पण ते बाहेर बघून मोठ्यानं पाट्या वाचू लागले. "चष्म्याचं दुकान. गाद्यांचा कारखाना. दाताचा दवाखाना." लेकीला हसू आवरेना.

पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. तपासणीची वेळ जवळ येत होती आणि गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. ऑफिसातून फोन वाजत होता. तिची बोटं स्टेअरिंगवर ताशा वाजवायला लागली. पुलापाशी रस्ता अरुंद झाला. ढकलगाडीत बाळ घेतलेल्या एका बाईला जाऊ द्यायला ती थांबली, आणि तेवढ्यात मागून एक चंदेरी गाडी घुसली. आरशाला जवळजवळ घासून पुढे गेली, वर हॉर्न वाजवून.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गंमत म्हणजे, आपण चिडलोय असं तिला मुळीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आपण बरोबर आहोत. मी थांबले, माणुसकी दाखवली, आणि हा? मी काय मूर्ख आहे? असल्याला कुणीतरी धडा शिकवायलाच हवा. मग मीच का नको?

बाळाची गाडी पार होताच तिनं ॲक्सिलरेटर दाबला. पूल संपला, रस्ता मोकळा झाला, ती चंदेरी गाडीच्या शेपटाला चिकटली. हॉर्नवरचा हात निघेचना. ती गाडी डावीकडे, ही डावीकडे. ती उजवीकडे, ही उजवीकडे. पाट्या वाचणारा आवाज कधी बंद झाला, तिला कळलंही नाही. शेवटी तिनं बाजूला गाठलंच, काच खाली केली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "ए! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

चंदेरी गाडीतल्या माणसाच्या काचा बंद होत्या. तो मान डोलवत कसलंसं गाणं म्हणत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ही बया आपल्या मागे लागली होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अगं, हळू!"

तिनं मान पुढे वळवली. समोर पाण्याचा टँकर उभा. तिनं सगळं बळ एकवटून ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, घसरली आणि टँकरच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. टँकरच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

बाबा दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. चेहरा पांढराफटक. उजवी टाच मॅटच्या भोकात आरपार रुतलेली. त्यांनी हळूच खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अरे देवा."

दवाखान्यात दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "काका, एवढा कसा वाढला? रस्त्यात भांडलात ना?"

"छे," बाबा म्हणाले. "जिना जरा भरभर चढलो."

"माझ्यामुळे झालं, डॉक्टर," लेक म्हणाली. "गाडी मी—"

"जिनाच," बाबांनी तिला तोडलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि सांगितलं, "किल्ली नाही. पुढच्या वेळी बघू." बाबांनी मान हलवली. ज्या किल्लीसाठी हा माणूस सकाळभर पाट्या वाचत बसला, ती आपण घालवली, या विचारानं लेकीला त्यांच्याकडे बघवेना. परतीच्या वाटेवर ती इतकी सावकाश आली, की सायकलवालेही पुढे गेले.

आई इस्त्री करत होती. "मिळाली का हो किल्ली?"

बाबांनी खुर्चीत अंग टाकलं. "ती राहू दे. मला सांग, इतकी वर्षं तू त्या सीटवर बसलीस तरी कशी?"

"बसले कुठे?" आई इस्त्री फिरवत म्हणाली. "ब्रेकवर उभीच होते." आणि मग लेकीचं तोंड बघून तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. "हं. खाण तशी माती."

बाबा हसले नाहीत. ते उठले, आईच्या हातातली इस्त्री काढून घेतली, बाजूला ठेवली आणि तिला खुर्चीत बसवलं. "तू बस जरा," एवढंच म्हणाले. आईला काय करावं सुचेना.

लेक खाली आली. तिची स्वतःची गाडी फाटकाशी उभी होती. तिनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं नाही. वळसा घालून पलीकडचं उघडलं, वाकली, मॅटवरची धूळ हातानं झटकली. भोक नव्हतं. पण उजव्या टाचेच्या जागी रबराच्या रेघा साफ पुसून गेल्या होत्या. बोट ठेवलं तर आत दबत होतं.

तिथेच, नवऱ्याच्या सीटवर बसून तिनं त्याला फोन लावला.

"काय गं? बाबांचं काय झालं?"

"बाबा ठीक आहेत. एक विचारू? खरं सांग हं. मी गाडी चालवताना तुला भीती वाटते?"

तो फोन घेऊन कुठेतरी बाजूला गेला असावा, दार लागल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, एकेक शब्द जपून टाकत तो म्हणाला, "आधी सांग, चिडणार नाहीस ना?"