अळणी कालवण

निजामाच्या अमलातल्या उमरग्याला एक डॉक्टर आले. माझं डोकं वर्षभर ठणकत होतं, म्हणून नवऱ्यानं मला त्यांच्याकडं नेलं. सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी रक्ताचा दाब मोजायचा पट्टा काढताच त्या म्हणाल्या, “हिचं ढोंग हाय. आधी माझ्या दंडाला बांधा. मला कायबी होत न्हाय!”

डॉक्टरांनी बांधला. पारा चढतच गेला.

“दाब फार वाढलाय, बाई. दुखत नाही म्हणूनच धोका. रक्तवाहिनी फुटली तर अंग लुळं पडेल. मीठ सोडा.”

सासूबाईंचं अवसानच गळालं. आम्ही त्यांना धरून बैलगाडीत बसवलं आणि घरी आणलं.

आता मी दोनदा रांधते. अळणी कालवण त्या रोज माझ्यापुढं आदळतात. मी पुन्हा वाढते.

डोकं तसंच ठणकतंय. माझ्या दंडाला पट्टा बांधायचा राहूनच गेला.